ओठ आधी, आवाज मागून

डबिंगच्या स्टुडिओत तिला सगळे 'गाळणी' म्हणत. परदेशी मालिकेतल्या नटाचे ओठ मिटल्यावर आपल्या कलाकाराचा आवाज केसभर जरी मागे रेंगाळला, तरी तो तिच्या कानातून सुटत नसे. ओठ आणि आवाज जुळवणं हेच तिचं काम. या कौतुकाने ती जराशी शेफारली होती हेही सांगून टाकायला हवं. ज्याला कधी कुणी चूक दाखवत नाही, त्याची मान हळूहळू ताठ होतेच.

त्याच मालिकेतल्या म्हाताऱ्या न्यायाधीशाला आवाज देत ते तिचे बाबा. भारदस्त आवाजाचा माणूस, उभी हयात माइकसमोर गेलेली. आई गेल्यापासून तर या कामाखेरीज त्यांना दुसरा विरंगुळाच नव्हता. पण मध्यंतरी एका साध्या वाक्याला ते पुन्हा पुन्हा अडखळले. झालं, गाळणीच्या जिवाला घोर लागला. दुसऱ्या कुणाच्या लक्षात यायच्या आत आपणच निस्तरावं म्हणून तिने मालकांना सांगितलं की बाकीच्यांचे आवाज मी इथेच तपासते, बाबांचे तेवढे घरी बघत जाईन. मालकांना काय, काम झाल्याशी मतलब.

घरी तिचे स्वतःचे इअरफोन होते, फुलासारखे जपलेले. नेमकी त्यांचीच वायर तुटली. धाकटा भाऊ मोबाइलच्या दुकानात कामाला. त्याने जुनी वायर कानातल्या बोंडांपासून उपसून काढली आणि तिच्या जागी मानेमागून जाणारी ब्लूटूथची वायर बसवून दिली. बोंडं तीच, आवाज तोच, फक्त दावं सुटलं, असं त्याने ऐटीत सांगितलं. तिने एक गाणं ऐकून पाहिलं. आवाज खरंच तोच होता.

संध्याकाळी तिने लॅपटॉपवर बाबांचा पहिला प्रसंग लावला. न्यायाधीशाचे ओठ आधी हलत, बाबांचा आवाज मागून येई. फार नाही, पापणी लवेल एवढंच, पण प्रत्येक वाक्याला. म्हणजे आपली शंका खरीच होती तर! कुणाला न सांगता तिने एकेक वाक्य पुढे, म्हणजे जरा आधी पडेल असं सरकवलं, कानाला जुळेपर्यंत जुळवलं आणि मालकांकडे पाठवून दिलं.

आठवड्याभराने वाहिनीची तक्रार आली की न्यायाधीशाचा आवाज ओठांशी जुळत नाही. पुढे पडतो की मागे, हे सांगायची तसदी कुणी घेतली नाही. तिला वाटलं, आपलीच दुरुस्ती कमी पडली. पुढच्या भागात तिने वाक्यं अजून थोडी पुढे ओढली. उशिरापेक्षा लवकर बरं, अशी स्वतःची समजूतही घातली. मग दुसरी तक्रार आली, पहिलीपेक्षा तिखट. मालक म्हणाले की वयापुढे कुणाचं चालत नाही, न्यायाधीशासाठी एक तरुण आवाज बघून ठेवलाय, सोमवारी काय ते ठरवू.

तेव्हापासून तिचा पाय घरात ठरेना. खुर्चीत बसली की उठावंसं वाटे, उठली की कुठे जावं ते कळेना. जेवताना बाबांनी मीठ मागितलं तरी ही मीठ द्यायचं सोडून त्यांच्या ओठांकडे बघत बसे. बाबा काही दूधखुळे नव्हते, तक्रारींची कुणकुण त्यांनाही लागली होती. एके सकाळी स्टुडिओत निघताना त्यांनी तिला दारातच गाठलं.

"तुलाही ऐकू येतो का गं माझा उशीर? खरं सांग."

आवाजाच्या बाबतीत ती आजवर कुणाशी खोटं बोलली नव्हती. "येतो, बाबा," ती म्हणाली. त्यांनी मान हलवली, चपला घातल्या आणि ते गेले. त्या दिवशी पुढचा भाग बोलून आल्यावर ते थेट आपल्या खोलीत आरशासमोर जाऊन बसले.

रविवारी मालकांनी त्या तरुणाचा नमुना तपासायला पाठवला. कानामागून आला आणि तिखट झाला, असं पुटपुटत तिने तो लावला. पोरगाही उशिरा बोलत होता. तिला आधी आनंद झाला, अगदी दुष्ट आनंद. मग जाणवलं की हा उशीर थेट बाबांच्याच मापाचा आहे. तिने मूळ परदेशी आवाज लावला. त्या नटाचा स्वतःचा आवाज स्वतःच्याच ओठांच्या मागून आला. न्यायाधीशाने हातोडा आपटला. हातोडा पडला, मग ठक वाजलं.

तिने कानातली बोंडं ओढून काढली आणि लॅपटॉपचा स्पीकर सुरू केला. हातोडा आणि ठक एकदम. मग तिने हात न लावलेली बाबांची जुनी वाक्यं लावली. एकूण एक वाक्य ओठांवर चपखल बसत होतं.

भावाला हाक मारली, तर तो सहज म्हणाला की हवेतून यायचं म्हणजे आवाजाला वेळ लागणारच. मोबाइलवर सिनेमा बघताना मोबाइल चित्रालाही तेवढंच थांबवून धरतो म्हणून कळत नाही, तिचं कामाचं सॉफ्टवेअर कशाला थांबवेल? आधी का बोलला नाहीस, यावर त्याचं उत्तर तयार होतं. ती त्यावर गाणी ऐकते असं त्याला वाटलं होतं.

बाबांनी नुकताच बोललेला भाग तपासायचा राहिला होता. तो तिने स्पीकरवरच लावला. यात बाबा खरंच चुकले होते. न्यायाधीशाचं तोंड उघडायच्या आत प्रत्येक वाक्य बाहेर पडत होतं, मागे कुणी लागल्यासारखं. तिने हातोडा पुन्हा तपासला. तो बरोबर होता. मग तिला कळलं, आणि ती तोंडावर हात ठेवून तशीच बसून राहिली. दारात दिलेल्या उत्तरानंतरचा हा भाग होता.

तिने मालकांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी तिला मनसोक्त झापलं, ते तिने निमूट ऐकून घेतलं. बाबांची मूळ वाक्यं त्यांच्याकडे जपलेली होती, तीच पुन्हा जोडायचं ठरलं. तरुणाला नकार कळवतो, बाबांना उद्या तो घाईचा भाग पुन्हा बोलायला पाठव, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

बाबा आपल्या खोलीत आरशासमोर बसून तोंडातल्या तोंडात वाक्यं म्हणत होते, भराभर. तिने सगळं सांगितलं, आधीपासून. चोरून सरकवलेली वाक्यंही सांगितली.

"मला माझं बरोबरच वाटत होतं," ते म्हणाले. "पण तू म्हणालीस ना."

तिला रडू कोसळलं. बाबांनी तिला रडू दिलं.

"आज ना उद्या खरंच उशीर व्हायला लागेल," ते म्हणाले. "तेव्हा सांगशील? की आता घाबरशील?"

"सांगेन. आणि तुम्हालाच आधी सांगेन."

"साधी वायर लावून ऐक, मग सांग."

ते आरशाकडे वळले आणि वाक्य पहिल्यापासून म्हणू लागले, या वेळी मोठ्याने, बिनघाईचं. तिची नजर सवयीने त्यांच्या ओठांकडे गेली. तिने डोळे मिटून घेतले आणि नुसतं ऐकलं.