सत्तेचाळीसवर संपणारा नंबर

दीपमालानं फरशीवर बसूनच शेवटची वायर सॉकेटमध्ये खोचली, तसा टेबलावरच्या काळ्या स्क्रीनवर हळूहळू निळसर उजेड पसरला. बाहेर अमरावतीचं एप्रिलचं ऊन पांढरंफटक झालं होतं. खोलीत मात्र हिरवा पडदा ओढलेला होता, खिडकीत कूलर घुमत होता आणि वाळ्याच्या ओल्या वासानं सगळं पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं. हेमचंद्र खुर्ची पुढे ओढून बसले आणि त्यांनी चष्मा धोतराच्या टोकाला पुसला.

दीपमालाचं राजापेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सरांचा जुना कॉम्प्युटर फाल्गुनात बंद पडला तो तिलाही उठवता आला नव्हता. नवा तिनंच आणून दिला होता. तिनं भाषा निवडली, देश निवडला, आपल्या मोबाइलचं इंटरनेट जोडलं. मग एक पान आलं आणि तिथंच थांबलं.

"सर, तुमचं खातं मागून राहिला हा."

"कसलं खातं?"

"ऑनलाइन खातं. त्याच्याबिगर पुढं जाऊ देत नाई."

हेमचंद्र स्क्रीनकडे पाहत राहिले. "कॉम्प्युटर माझा, टेबल माझं. घरात शिरायला मी परवानगी कोणाची काढायची?"

"आधी एक आडवाट होती," दीपमाला म्हणाली. "नेट काढून टाकलं का सुटत होतं. आता तेही बंद केलं त्यायनं. तुमचं जुनं खातं असंन ना?"

होतं. हेमचंद्रांनी कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची डायरी काढली. मधल्या पानावर बारीक, सरळ अक्षरात पत्ता लिहिलेला होता आणि त्याखाली पासवर्ड. अक्षर त्यांच्या पत्नीचं, गोदावरीबाईंचं होतं. त्या कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होत्या. घरात कॉम्प्युटर आला तो त्यांच्यामुळे. अकरा वर्षांपूर्वी हेमचंद्र भूगोल शिकवून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनीच हे खातं काढून दिलं होतं. तेव्हापासून हेमचंद्र रोज सकाळी सहाला आभाळ कसं आहे ते चार ओळींत लिहून ठेवत. आज आभाळ ताकासारखं. आज चिखलदऱ्याच्या बाजूला एकच ढग, तोही वाट चुकलेला. अशी अकरा वर्षांची आभाळं त्या खात्यात कुठंतरी जपलेली होती.

दीपमालानं पासवर्ड घातला. चुकला. पुन्हा घातला. पुन्हा चुकला.

"कोणीतरी बदलवला वाटते," ती म्हणाली. मग तिनं दोन ठिकाणी बोट लावलं. "हे पाहा, कोड पाठवतो म्हणते. सहा आकड्यांचा. पण ज्या नंबरवर पाठवणार त्याचे शेवटचे दोनच आकडे दाखवते. सत्तेचाळीस. तुमचा हाये का हा?"

हेमचंद्रांनी स्क्रीनवरचे ते दोन आकडे पुन्हा वाचले. डायरी मिटून मांडीवर ठेवली.

"नाही. आमच्या घरच्यांचा."

"मंग आवाज द्या ना त्यायले."

"त्या अकोल्याला असतात."

दीपमालानं मान हलवली.

दोन वर्षांपूर्वी माघात गोदावरीबाईंची आई न्हाणीघरात पडली आणि त्या पंधरा दिवसांसाठी म्हणून अकोल्याला गेल्या. आई अंथरुणावर सात महिने राहिली. तेराव्याला हेमचंद्र गेले, पंगतीत जेवले आणि संध्याकाळच्या बसनं निघाले. गोदावरीबाई फाटकापर्यंत आल्या होत्या. काहीतरी बोलायला हवं हे हेमचंद्रांना कळत होतं. ते म्हणाले, "पाण्याची मोटर दुरुस्त करून घेतली." गोदावरीबाई "बरं" म्हणाल्या. निघायची वेळ होईपर्यंत दोघं शेजारच्या घरावरची बोगनवेल पाहत राहिले. मग घरी आल्यावर हेमचंद्रांनी त्या कधी येतात याची वाट पाहिली. तिकडे त्या हे कधी न्यायला येतात याची वाट पाहत असतील, असं त्यांच्या मनात येऊन जाई. पण विचारायचं कसं, हे चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना जमलं नव्हतं. भांडण नव्हतं. असतं तर मिटवता आलं असतं. सणावारी फोन होत, तेही संक्रांतीपासून थांबले होते.

"सर, एक सांगू का?" दीपमाला म्हणाली. "नवीनच खातं काढून टाकू. तुमच्या नंबरवर. दहा मिनिटांचं काम हाये. जुनं काय लिवलेलं असंन ते मागाहून पाहता येते."

कूलरचं पाणी जाळीवरून टपटपत होतं. हेमचंद्रांनी ते थोडा वेळ ऐकलं.

"नको," ते म्हणाले. "जुनंच बघू."

त्यांनी मोबाइल उचलला आणि स्पीकर लावून टेबलावर ठेवला. चौथ्या घंटेला फोन उचलला गेला.

"हॅलो."

"मी बोलतो आहे."

"हो. नाव दिसते इथं." मग जरा थांबून, "काहून? बरं आहे ना सगळं?"

हेमचंद्रांनी सांगितलं. वर्गात धडा सांगावा तसं, क्रमानं. दीपमालानं कोड पाठवला. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता आणि मधूनमधून कापड फडफडल्याचा.

"मी गच्चीवर आहे," गोदावरीबाई म्हणाल्या. "सरगुंडे वाळत घातले आहेत. चष्मा खाली राहिला. थांबा."

कणकेच्या, काडीवर वळलेल्या त्या शेवया उन्हात राहिल्या आणि जिन्यावरून उतरणारी पावलं ऐकू आली. एक दार, मग दुसरं. त्या घराचा आराखडा हेमचंद्रांना पाठ होता. आता देवघर, आता मधली खोली, आता खिडकीतला चष्मा. त्यांनी डोळे मिटले होते. तेवढ्यात दीपमालानं बोटानं खूण केली. कोडची वेळ संपली होती.

"पुन्हा पाठवतो," हेमचंद्र म्हणाले.

दीपमालानं कळ दाबली. या खेपेला गोदावरीबाईंनी एकेक आकडा नीट वाचला. पाच, शून्य, आठ, तीन, एक, सहा. दीपमालाची बोटं त्यांच्या मागोमाग चालली. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि मग तिच्यावर रंग उमटू लागले. आधी जांभळा, मग त्यातूनच मोरपंखी, मग पिकल्या संत्र्याचा. तुमच्यासाठी सगळं तयार करतो आहोत, अशी ओळ मधोमध येऊन विरली. अंधाऱ्या खोलीच्या भिंतींवर ते रंग सरकू लागले; कॅलेंडरवर, दाराच्या चौकटीवर, दीपमालाच्या कपाळावर. तिनं हसून अंगठा वर केला.

"झालं का?" फोनमधून आवाज आला.

हेमचंद्रांनी त्या रंगांकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "नाही झालं."

दीपमालाचा अंगठा तसाच राहिला. मग तिनं तो सावकाश खाली घेतला.

"मी वाचलं तर बरोबर."

"तू बरोबरच वाचलंस. इकडेच काहीतरी. पुन्हा मागतो."

"मागा. मी बसली आहे इथंच."

दीपमालानं पेचकस आणि उरलेली वायर आवाज न करता पिशवीत भरली. इंटरनेटसाठी लावलेला मोबाइल मात्र टेबलावर तसाच राहू दिला. उद्या येते, असं हातानंच सांगून ती उठली, चपला हातात घेऊन पडवीत गेली आणि तिथं त्या घालून निघून गेली. फाटकाची कडी लागल्याचा आवाज आला.

हेमचंद्रांनी कशालाही हात लावला नव्हता. रंग आपोआप बदलत होते.

"पाठवला का?"

"हो."

"आला नाही अजून. येईल."

"येईल."

अकोल्याच्या त्या खोलीत कुठंतरी पंखा किरकिरत होता.

"जेवलात?"

"हो. डबा येतो. जयवंताबाई म्हणून आहेत, मागच्या गल्लीत."

"कसा असते?"

"मीठ कमी."

"तुम्हाला बरंच आहे ते."

हेमचंद्र हसले. आपलं हसणं त्यांनाच अनोळखी वाटलं. भिंतीवर आता फिकट निळा रंग आला होता आणि त्यात त्यांची सावली जवळजवळ दिसेनाशी झाली होती.

"सरगुंडे कोणासाठी केलेस?" त्यांनी विचारलं.

"कोणासाठी असं नाही. दरवर्षी करतो म्हणून केले. दोघांपुरतेच येतात हाताला, किती कमी करायचे म्हटलं तरी."

हेमचंद्रांनी पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. आभाळाबद्दल ते अकरा वर्षं न चुकता लिहीत आले होते. त्यातली एकही ओळ त्यांना या वेळी उपयोगाची वाटेना.

"गोदावरी."

"अं?"

"मी तुला घ्यायला यायला पाहिजे होतं. तेराव्यालाच."

पंख्याची किरकिर तेवढी ऐकू येत राहिली.

"आता येऊ का?" ते म्हणाले. "उद्या, सकाळच्या बसनं?"

समोरच्या स्क्रीनवरचे रंग थांबले आणि त्यांची अकरा वर्षांची आभाळं बारीक पिवळ्या पाकिटांसारखी ओळीनं येऊन उभी राहिली. ती आली आहेत हे हेमचंद्रांच्या लक्षातही आलं नाही. ते फोनकडे पाहत होते.

"आला," गोदावरीबाई म्हणाल्या.

"काय?"

"मेसेज. कोडचा. लिहून घेता ना?"

मेसेज यायचं काही कारणच नव्हतं. हेमचंद्रांनी डायरीचं कोरं पान उघडलं.

"सांग."

"दोन," गोदावरीबाई म्हणाल्या. मग पुष्कळ वेळानं, "सात."

"सावकाश सांग."

"सावकाशच सांगते. चार. लिहिला?"

"लिहिला."

"नऊ. एक. पुन्हा एक."

हेमचंद्रांनी सहावा आकडा लिहिला आणि पेन कागदावर तसंच टेकवून ठेवलं. कूलर घुमत होता. त्यांना वाटलं, आता फोन ठेवेल.

"आठ," गोदावरीबाई म्हणाल्या.

त्यांनी तो सातवाही लिहून घेतला.