माळ्यावरचं दुसरं खोकं

निवड अचूक ठरली असती, तर कॅसेटकाकांचं दुकान आणखी दहा वर्षं चाललं असतं आणि पंचवीस वर्षं ताटात वाढला जाणारा टोमणा बंद झाला असता. खरं सांगायचं तर काकांचा डोळा दुसऱ्या फायद्यावर होता.

टोमण्याचं मूळ माळ्यावर होतं: बीटा या जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या दोनशे टेपा. तरुणपणी भाड्याच्या कॅसेटांचं दुकान थाटताना चित्र सरस म्हणून काकांनी बीटा घेतली. गल्लीनं मात्र स्वस्त म्हणून दुसऱ्या जातीची, व्हीएचएस. लग्न झाल्यापासून काकू म्हणत, "चपला घ्यायच्या तरी मी सोबत येते. यांची निवड माळ्यावर आहे."

आता डीव्हीडीच्या जागी दोन नव्या डिस्क आल्या, ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी. एकीच्या यंत्रात दुसरी चालेना, आणि दोन्ही आणण्याइतका काकांचा खिसा खोल नव्हता.

"मागे सरस घेऊन तोंड पोळलं," ते समोरच्या शिंप्याला म्हणाले. "यंदा स्वस्त घेतो."

स्वस्त होती एचडी डीव्हीडी. काकांनी चाळीस डिस्क मांडल्या. त्यांच्या शब्दावर शिंप्यानंही यंत्र आणलं. दोन वर्षं पुरी होण्याआधीच एचडी डीव्हीडी काढणाऱ्या कंपनीनंच हात वर केले आणि ती बंद केली.

काका यंत्राचे पैसे घेऊन शिंप्याकडे गेले. त्यानं शिलाईवरून मानही वर केली नाही. "काका, यंत्र चालतंय ना? मग खिशात ठेवा ते. उलट बरं झालं, हे यंत्र गल्लीत माझ्या एकट्याकडेच, तुमच्या डिस्कसाठी आता कुणाच्या मागे थांबायला नको."

घरी काकूंनी शिडी लावली आणि न बोलता डिस्कचं खोकं माळ्यावर चढवलं. खाली शिडी धरून काका वाट बघत होते.

"बोल की," शेवटी तेच म्हणाले.

काकूंनी बीटाच्या खोक्यातून एक टेप काढून खाली दिली. आतल्या कार्डावर काकांच्या जुन्या, टपोऱ्या अक्षरात अकरा तारखा होत्या. अकराही वेळा नेणारी एकच, काकू, लग्नाआधीच्या नावानं. गल्लीत बीटाचं यंत्र असलेलं एकच घर होतं, ते त्यांचं माहेर.

"अकरा वेळा? एवढी आवडली होती?"

"टेप भिकार होती," काकू वरूनच म्हणाल्या. "शिडी नीट धरा."

तर शिंप्याचं यंत्र मागे पडलं, काकांच्या चाळीस डिस्क गेल्या. काकूंनी मात्र पंचवीस वर्षं साठवलेला भरभक्कम टोमणा मुदतठेवीसारखा मोडला, तोही ऐन दुप्पट होण्याच्या दिवशी.