पहिला अर्धा तास

वकिलांची जाहिरात करणं म्हणजे मुक्याचं भाषण लिहून देणं. सांगण्यासारखं जे असतं ते सगळं गुपित. कोणाचं घर वाचवलं, कोणाला कोणाच्या तावडीतून सोडवलं, त्यातलं चकार अक्षर बाहेर काढायचं नाही. मग उरतं काय, तर साहेबांचा चेहरा आणि त्यांच्या खिडकीतून दिसणारा डग्लसचा किनारा. एवढ्या भांडवलावर मी स्केलिकॉर्न अँड टेअर या कचेरीचं फेसबुक, इन्स्टाग्राम आणि वेबसाइट चालवते. आणि चांगलं चालवते, उगाच विनय कशाला.

इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या या मॅन बेटावर घटस्फोटाचं काम घेणाऱ्या कचेऱ्या हाताच्या बोटांवर मोजता येतात. इथला कायदा वेगळा, इथल्या कोर्टात इथलाच वकील लागतो, लिव्हरपूलचा कितीही नावाजलेला असला तरी तो समुद्राच्या पलीकडे. त्यामुळे गिऱ्हाईक ठरलेलं, दुकानं ठरलेली, आणि आमची आपसातली खेचाखेच जोरात.

टेअरसाहेब वकील म्हणून हुशार, पण कॅमेऱ्यासमोर आले की मयताला आल्यासारखे दिसायचे. शेवटी मी त्यांना किनाऱ्यावरच्या बाकावर बसवलं, हातात चिप्स, चीज आणि ग्रेव्हीचा डबा दिला आणि म्हटलं, "साहेब, शेजाऱ्याशी बोलता तसं बोला."

"शेजाऱ्याशी माझा कुंपणावरून दावा चालू आहे," ते म्हणाले.

पण बोलले. काटा चिप्समध्ये तसाच ठेवून कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "घरात बिनसलंय? वाट बघत बसू नका. पहिला अर्धा तास आमच्याकडून." बस, एवढंच. बेटावर त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. लोक दुकानात साहेबांना अडवून विचारायचे, चिप्स कुठल्या होत्या म्हणून. महिन्याभरात बाकीच्या कचेऱ्यांनीही आमचं बघून पहिला अर्धा तास फुकट करून टाकला. मला राग यायला हवा होता, पण मी खूश झाले. माझी नक्कल सगळं बेट करतंय, म्हणून कॉलर ताठ करून मी हिंडत होते.

मग एका सोमवारी सकाळी कचेरीच्या फेसबुकवर आलेले निरोप बघत होते, तर त्यात ऑरी कॅनेल. ऑरी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, व्होरीचा नवरा. फोटोत त्याच्या खांद्यावर माझी भाची ब्रीशी बसलेली. निरोप छोटाच होता: तुमचा व्हिडिओ पाहिला, पत्नीबाबत बोलायचं आहे, फुकटचा अर्धा तास कधी मिळेल? त्याच्याखाली मी बसवून ठेवलेलं आपोआप उत्तर गेलेलंसुद्धा होतं. 'धन्यवाद, ऑरी. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.'

व्होरीच्या घरात काय चाललंय ते मला अर्धंमुर्धं माहीत होतं. गाडीची किल्ली त्याच्याकडे, बँकेचं कार्ड त्याच्याकडे, फोन रोज संध्याकाळी त्याच्या हातात. बाहेर मात्र देवमाणूस. मोटारसायकलींच्या शर्यतीत दरवर्षी केशरी बंडी घालून मार्शल म्हणून वळणावर उभा असतो, पडलेल्यांना उचलतो. हा माणूस आधी वकिलाकडे का जातोय, ते मला कळेना. सोडायचं तर तिला होतं.

मी निरोप घेऊन थेट साहेबांच्या खोलीत गेले.

"हे तू पाहिलंच नाहीस," साहेब म्हणाले.

"पाहिलंय ना पण. साहेब, ती माझी सख्खी बहीण आहे. याचं काम घेऊ नका."

"अगं, या बेटावर जो तो कोणाचा तरी मेहुणा असतो. असं करत बसलो तर मला समुद्रातल्या सीलांचेच खटले चालवावे लागतील." मग त्यांचा आवाज उतरला. "तो आधी आला. त्याची फाइल तुझ्यापासून लांब ठेवीन, ते माझ्याकडे लागलं. पण तो इथे आला होता, एवढंसुद्धा तुझ्या तोंडून बाहेर गेलं नाही पाहिजे. तिला तर नाहीच. आणि हेही ऐकून ठेव, उद्या नोकरी सोडलीस तरी हे गुपित तुला सोडत नाही."

ते धमकी देत नव्हते, माझी कीव आल्यासारख्या आवाजात बोलत होते. म्हणूनच जास्त भीती वाटली.

पुढच्याच आठवड्यात व्होरी रॅम्झीहून बसने डग्लसला आली. डेंटिस्टकडे जाते असं सांगून निघाली होती. चहाच्या दुकानात माझ्यासमोर बसून तिने लोणी लावलेल्या बॉनगचा, आमच्या बेटावरच्या पावाचा, तुकडा नुसता कुस्करला.

"ठरवलंय मी," ती म्हणाली. "ब्रीशीला घेऊन निघायचं. तुझ्या साहेबांना विचार ना. तो चिप्सवाला व्हिडिओ मी कितीदा पाहिलाय माहितीये? माणूस भला वाटतो."

किती वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते, आणि आलं ते आत्ता.

"आमच्याकडे नको," मी म्हटलं. "बहिणीच्या कचेरीत आपलं घरगुती गाऱ्हाणं... बरं नाही दिसत."

"लाज वाटते माझी?"

"वेडी आहेस का. दुसऱ्या किती कचेऱ्या आहेत."

ती उठली आणि दुसऱ्या कचेरीत गेली. तिथल्या मुलीने हसून तिचं नाव लिहून घेतलं, नवऱ्याचं नाव लिहून घेतलं, आत गेली आणि बाहेर आली ती चेहरा बदलूनच. आम्हाला तुमचं काम घेता येणार नाही. का? ते सांगता येणार नाही. पुढच्या कचेरीत तेच. त्याच्या पुढच्यात तेच. व्होरी दर वेळी नवी थाप मारून घरातून निघायची आणि दर वेळी मला शेजारणीच्या फोनवरून सांगायची.

तिसऱ्या नकारालाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या धंद्यातली ही बारीक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते: नवरा एकदा वकिलासमोर बसून मन मोकळं करून गेला की तो वकील बायकोचं काम घेऊ शकत नाही. ऑरी वकील शोधत नव्हताच. तो एकेका कचेरीत अर्धा तास बसून तिचं दार बंद करत चालला होता. आणि सगळीकडे तो अर्धा तास फुकट होता, माझ्या हुशारीमुळे. त्याला एक पेनीसुद्धा पडली नाही.

रात्री झोप येईना. सांगावं, तर नोकरी जाईल, त्याचं काही नाही, दुसरी बघता येईल. पण साहेबांचं नाव जाईल, आणि ऑरी कोर्टात उभा राहून म्हणेल, बघा, या बहिणी-बहिणींनी मिळून माझं गुपित फोडलं. ब्रीशी कोणाकडे राहणार हे ठरवताना ते व्होरीच्याच अंगावर येईल. न सांगावं, तर डोळ्यांदेखत ती बुडतेय. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते नुसतं म्हणायला सोपं असतं.

शेवटची कचेरी झाल्यावर व्होरी माझ्या घरी आली. कोटसुद्धा काढला नाही.

"त्यांना सगळ्यांना तो माहीत आहे," ती म्हणाली. "सगळ्यांचा लाडका मार्शल. मी नाव सांगितलं की लोकांचे चेहरे बदलतात गं. मला वाटतं, माझ्यातच काहीतरी खोट असणार. एवढी शिकलेली माणसं उगाच नाही म्हणतील का?"

"खोट तुझ्यात नाही."

"मग कोणात? ऑरी म्हणतो, आपण पहिल्यापासून सुरुवात करू, फक्त तू जरा डोकं ठिकाणावर ठेव. ठेवते आता. दमले मी."

ती परत जाणार होती. नुसती त्या घरात नाही, त्याच्या म्हणण्यात परत जाणार होती. मी पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. जे तोंडातून काढायचं नाही ते बाजूला ठेवून काय सांगता येईल, एवढाच विचार केला. कामासाठी मी बाकीच्या सगळ्या कचेऱ्यांच्या जाहिरातींवर पाळत ठेवते. त्या सगळ्या पाठ आहेत मला. जिच्यावर पाळत ठेवावीच लागत नाही, अशी एकच वकील बेटावर होती.

बाहेर येऊन म्हटलं, "पीलला कॅलिस्टरबाई आहेत. मासळीच्या दुकानावर, जिना चढून. सत्तरीच्या असतील, पण अजून कोर्टात उभ्या राहतात."

व्होरीने माझा फोन घेऊन शोधलं. "इथे तर काहीच दिसत नाही. वेबसाइट नाही, काही नाही. नेटवर जी सापडतसुद्धा नाही, ती कसली वकील?"

"म्हणूनच जा."

"म्हणूनच म्हणजे?"

मी पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला. ती फोनकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. लहानपणीही ती अशीच गप्प राहून कोडं सोडवायची.

"नेटवर सापडतात त्या सगळ्या मला नाही म्हणाल्या," ती सावकाश म्हणाली. "कारण तो त्यांच्याकडे आधी जाऊन आला. हो ना? सगळी बिळं बुजवून आला तो लांबशेपट्या." बेटावर उंदराचं नाव कोणी तोंडाने घेत नाही, अपशकुन मानतात; तेवढ्या रागातही तिने घेतलं नाही. "तुमच्याकडेसुद्धा आला होता?"

"मला काही विचारू नकोस, व्होरी."

"नाही म्हण. नसेल आला तर नाही म्हण ना."

मी नाही म्हणू शकले नाही.

मला वाटलं, तिला हायसं वाटेल. खोट तिच्यात नव्हती, हे तरी कळलं. वाटलंही असेल, पण तिने विचारलं ते वेगळंच.

"चहाच्या दुकानात बसलो होतो, तेव्हा माहीत होतं तुला?"

मी मान खाली घातली.

"एकेक दार ठोठावत होते मी. दर वेळी तुला सांगत होते. आणि तू 'हो का, अरेरे' म्हणत होतीस." तिने कोटाची बटणं लावली. ती लागलेलीच होती, तरी पुन्हा चाचपली. "पीलची बस कुठून सुटते?"

कॅलिस्टरबाईंनी काम घेतलं. ऑरी त्यांच्याकडे गेला नव्हता, कारण त्या आहेत हेच त्याला माहीत नव्हतं. हे मला व्होरीकडून कळलं, पण ते तिचं शेवटचं बोलणं. "बाईंनी ताकीद दिलीये," ती फोनवर म्हणाली. "ऑरीने तुझ्याच साहेबांना वकील नेमलंय, आणि तू त्यांच्याकडे कामाला आहेस. खटला मिटेपर्यंत मी तुझ्याशी बोलायचं नाही, ब्रीशीने तर मुळीच नाही. किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही म्हणे." आवाजात राग नव्हता. कायदाच तसा आहे, आणि तो मला तिच्यापेक्षा जास्त कळतो. ती सुटली, याचा मला खरंच आनंद झाला. त्या दिवशी मी कचेरीच्या बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले, तेही खरं.

नोकरी सोडली नाही. सोडून ते गुपित थोडंच सुटणार होतं. आणि ते पोटात असेपर्यंत व्होरीशी बोलायला बंदी ती बंदीच राहिली असती, मी इथे असले काय नि नसले काय.

वसंतात साहेबांचा नवा व्हिडिओ काढायला आम्ही पुन्हा किनाऱ्यावर गेलो. साहेब आता सराईत झालेत, मध्येच केसांवरून हात फिरवतात. त्यांचं बोलणं रंगात आलं होतं, तेवढ्यात मागून धावत कोणीतरी चित्रात शिरलं. लाल टोपी, पुढचे दोन दात पडलेले.

"मावशी," ब्रीशी म्हणाली आणि माझ्या कमरेला मिठी मारली. माझ्या एका हातात कॅमेरा, दुसरा तिच्या टोपीवर. तिच्या अंगाला तोच जुना साबणाचा वास.

व्होरी मागून झपझप आली. तब्येत सुधारली होती तिची. आमची नजरानजर झाली, तिचे ओठ हलले, पण तिने ब्रीशीचं बोट धरलं आणि ट्रामच्या रुळांपलीकडे निघून गेली. ब्रीशी मागे वळून वळून हात हलवत होती. मी हात हलवला नाही.

साहेबांनी टाय सैल केला. मग घसा खाकरून म्हणाले, "एलिश, तेवढा भाग पुसून टाक. आमच्या अशिलाची मुलगी आहे त्यात."

"माझी भाची आहे ती."

"माहीत आहे गं मला," ते म्हणाले.

मी तो भाग एकदा लावून पाहिला. ती धावत येते, हसते, मला मिठी मारते. मग त्यांच्यासमोरच पुसून टाकला आणि म्हटलं, "चला साहेब. टाय नीट करा. पुन्हा घेऊ."