डांबरचं पथ्य

कुत्र्याला कधी कुणी पथ्य पाळायला लावतं का? चिखलीतल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, डांबरला लावलं होतं. आणि तेही इतकं कडक, की चातुर्मास पाळणाऱ्या बाईनं कानाला हात लावावा.

डांबर हा ओजसचा कुत्रा. अंगावर औषधालासुद्धा पांढरा केस नाही, म्हणून हे नाव. ओजस चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर होता, कॉन्ट्रॅक्टवर. तिथल्या पार्किंगमध्ये गाडीखाली हे पिल्लू कुडकुडत बसलं होतं, ते त्यानं डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. त्याच्या आईनं, शैलाबाईंनी, त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. "डब्याच्या पिशवीत कुत्रं? अरे, मी त्यात पोळ्या भरते रे मेल्या!" आठवडा गेला नाही तोच बाई पिल्लाला मांडीवर घेऊन दूध पाजत होत्या आणि ओजसचे वडील, सदाशिवराव, पेपरच्या आडून हसत होते. आई ती आईच, तिला मांडीवर काहीतरी लागतंच.

मग दिवाळीनंतर कंपनीनं ओजसचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. पोरगं हुशार, कष्टाळू. आधी वाटलं, महिनाभरात लागेल दुसरीकडे. तळवड्यात जाऊन आला, भोसरीत जाऊन आला. सगळीकडे "कळवतो" म्हणाले, कळवलं कुणीच नाही. हळूहळू ओजसचं बोलणं कमी झालं, दाढी वाढली, सकाळी उठणं लांबत लांबत दुपारवर गेलं. शैलाबाई ताट वाढून दाराशी उभ्या राहायच्या, आतून "भूक नाही" एवढंच यायचं. जवान पोराचं "भूक नाही" ऐकणं आईला किती जड जातं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, त्यातच डांबरला खाज सुटली. पंजे चाटून चाटून ओले, कानामागे लाल चट्टे, पोटाखालचे केस गेलेले. खाजवताना त्याचा मागचा पाय फरशीवर असा धपधप आपटायचा, की खालच्या मजल्यावरचे विचारायला आले, कांडप लावलंय का. शैलाबाईंनी कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली, हळद-खोबरेल चोळलं. सोफा पिवळा झाला, भिंत पिवळी झाली, खाज होती तिथंच.

शेवटी ओजस त्याला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर निशिगंधा वयानं लहान, पण बाई मोठ्या चिकाटीची. तिनं कातडी खरवडून तपासली. गोचीड नाही, पिसू नाही, खरूज नाही. कान साफ केले, औषध दिलं, आणि म्हणाली, "अन्नाची ॲलर्जी वाटते. गहू असेल, कोंबडी असेल. दोन महिने त्यानं आजवर कधी न खाल्लेलं तेवढंच द्यायचं. बांगडा आणि रताळं. बाकी कणभरही नाही. बिस्कीट नाही, दूध नाही, पोळीचा तुकडा नाही. एक घास गेला तरी सगळं मुसळ केरात."

शैलाबाई बार्शीकडच्या माळकऱ्यांच्या घरातल्या. बांगडा हा प्रकार त्यांनी फक्त ऐकलेला. घरात पहिल्यांदा तो शिजला तेव्हा त्या पदर नाकाला लावून गॅलरीत जाऊन बसल्या. पण तक्रारीचा एक शब्द काढला नाही, कारण दुसऱ्या दिवशी नवल घडलं. ओजस पहाटे उठला. मासळी ताजी मिळावी म्हणून अंघोळ करून, पिशवी घेऊन, बाजारात गेला! आल्यावर रताळी उकडली, काटे काढले, डांबरच्या पंज्यांना औषध लावून जुने मोजे चढवले, आणि मग स्वतः दोन पोळ्या मागून खाल्ल्या. बाईंनी देवापुढे साखर ठेवली. असा वास रोज येऊ दे रे बाबा, म्हणाल्या.

आणि गुण येऊ लागला. चट्टे फिके पडले, डांबर सलग झोपू लागला. पण रविवार उजाडला की पुन्हा धपधप. सोमवारी कान लाल. गुरुवारपर्यंत निवळायचं, ओजसचा चेहरा उजळायचा, आणि रविवारी पहिले पाढे पंचावन्न. ओजस भांडी दोनदा धुवू लागला, फरशीचा साबण बदलला, पाणीसुद्धा उकळून देऊ लागला. काय चुकतंय तेच त्याला कळेना.

कसं कळणार? चूक शनिवारी होत होती, आणि ती शैलाबाई करत होत्या.

त्याचं असं झालं. शेजारच्या विजयश्रीवहिनी त्यांना पिंपळे गुरवच्या एका ज्योतिष्यांकडे घेऊन गेल्या होत्या. ज्योतिषी म्हणाले, मुलाला साडेसाती आहे. दर शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घाला, नोकरी लागेपर्यंत खंड पडू देऊ नका, आणि कुणाजवळ बोलू नका, बोललं की फळ गेलं. बाईंना वाटलं, देवानंच सोय करून ठेवलीय. लोक काळं कुत्रं हुडकत वणवण फिरतात, आपल्या तर घरातच बसलंय. दर शनिवारी ओजस अंघोळीला गेला की त्या डांबरला ओट्यापाशी बोलवायच्या, ओजसचं नाव मनात घ्यायच्या आणि पोळी पुढे करायच्या. डांबर ती दोन घासांत फस्त करायचा. त्याला काय, त्याला रोज शनिवार चालला असता.

तुम्ही म्हणाल, बाईला पथ्य कळत नव्हतं का? अहो, पथ्य तिच्याइतकं कुणाला कळत होतं! पण तीर्थप्रसादानं कुणाचा उपास मोडतो का? एकादशीला देवळात गेलेली बाई हातावर पडलेलं तीर्थ प्यायली, तर ती पाणी प्यायली असं कोण म्हणतं? ती पोळी म्हणजे खाणं नव्हतंच मुळी. तो उपाय होता. बाईंनी पथ्य आणि उपाय या दोन गोष्टी मनाच्या दोन वेगळ्या फडताळांत ठेवल्या होत्या, आणि त्या एकमेकींना भेटल्याच नव्हत्या.

त्या भेटल्या एका गुरुवारी, दवाखान्यात. शैलाबाई डांबरचं डोकं धरून बसल्या होत्या. निशिगंधानं त्याचे कान पाहिले, मान हलवली. "ओजस, घरात कुणी काही देतं का? लपून, लाडानं?"

"नाही मॅडम," ओजस म्हणाला. "बाबा घासही देत नाहीत. आणि आईवर तर माझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. तिला पथ्य शिकवावं लागत नाही."

"काकू, चुकून एखादा तुकडा?"

शैलाबाईंनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. डांबर त्यांचा हात चाटत होता, आणि त्याच्या ओल्या जिभेचा त्यांना चटका बसत होता.

घरी आल्यावर त्यांनी ठरवलं, आता पोळी बंद. आणि शुक्रवारी फोन आला! चाकणच्याच एका मोठ्या कारखान्यातून. सोमवारी इंटरव्ह्यू. आता सांगा, काय करावं त्या बाईनं? इतके शनिवार सांभाळले आणि नेमका हाच सोडायचा? नोकरी हुकली तर जन्मभर स्वतःला काय तोंड दाखवायचं? शनिवारी सकाळी त्यांनी बोटाच्या पेराएवढा पोळीचा तुकडा घेतला, त्याला तेलाचं बोट लावलं आणि डांबरच्या तोंडात ठेवला. एवढ्याशानं काय होतंय, असं त्या डांबरला म्हणाल्या. खरं तर स्वतःलाच म्हणाल्या.

रविवारी सकाळी डांबरनं खाजवू नये म्हणून गळ्यात घातलेली प्लास्टिकची कॉलर फोडली होती आणि मान रक्त येईस्तोवर खाजवली होती. ओजस त्याच्याजवळ फरशीवर बसला होता. कापूस हातात तसाच होता, पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला, "तुमचे ते कंपनीतले मित्र म्हणत होते ना, त्यांच्या शेतावर राखणीला कुत्रं हवंय. त्यांना बोलवा. घेऊन जा म्हणावं."

"अरे, उद्या इंटरव्ह्यू आहे तुझा. ते होऊ दे, मग बघू," सदाशिवराव म्हणाले.

"मी जाणार नाही उद्या." आवाज चढला नव्हता, तेच भयंकर होतं. "काय सांगू तिथं जाऊन? दोन महिने दुसरं काही केलं नाही मी. एक काम होतं. एका कुत्र्याला नीट जेवायला घालायचं. तेवढंही मला जमलं नाही. माझ्या हातालाच काहीतरी आहे, बाबा. कंपनीला ते आधी कळलं, मला आत्ता कळतंय."

सदाशिवराव फोन हातात घेऊन उभे राहिले.

शैलाबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. बोललं की फळ गेलं, असं ज्योतिषी म्हणाले होते. नोकरी गेली, घर गेलं, सगळं गेलं, असं त्यांच्या डोळ्यांपुढून सरसर गेलं. आणि समोर पोटचा पोर मान खाली घालून बसला होता. जाऊ दे, मेलं, जायचं ते फळ जाऊ दे! त्या तरातरा पुढे आल्या आणि फतकल मारून फरशीवर बसल्या.

"ओजस, त्याला मी पोळी घालत होते."

ओजसनं वर पाहिलं.

"दर शनिवारी. तू अंघोळीला गेलास की. तेल लावून. तुझी साडेसाती जावी म्हणून. काल पण घातली रे, डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर खोटं बोलून वर पुन्हा घातली. एवढीशीच होती, पण घातली." बाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. "मला काय हवं ते बोल. पण त्या मुक्या जीवाला घालवू नकोस. त्याचा काही गुन्हा नाही."

सदाशिवराव "अगं, काय हे!" म्हणून पुढे आले. शैलाबाईंनी मान खाली घातली. आता पोरगं कडाडणार, भांडी फेकणार. फेकू दे, त्यांना वाटलं. तेवढं तर करू दे.

ओजसनं हातातला कापूस खाली ठेवला.

"आई, म्हणजे रताळं, मासे, औषध... ते सगळं बरोबर होतं?"

"हो रे."

"म्हणजे माझं काही चुकत नव्हतं?"

"नाही रे राजा," शैलाबाई म्हणाल्या. "तुझं काहीच चुकत नव्हतं."

आणि तो सव्वीस वर्षांचा बाप्या आईच्या मांडीत डोकं घालून लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडायला लागला.