आजोबांची झोप आणि बाटलीची साखर

मित्रांनो, मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे. दवाखान्यात खाटेच्या उशाशी एक उंच लोखंडी दांडा उभा असतो, वर दोन आकडे आणि खाली चाकं, तोच मी. तुम्ही मला पाहिलं असेल, पण माझी विचारपूस करायला कुणी दवाखान्यात येत नाही. त्याचा मला राग नाही. म्हणजे थोडासा आहे, पण आता तो अंगवळणी पडला आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये झाला. वेल्डरने पाइप कापला, तळाला पाय जोडले, वर दोन आकडे वाकवले. बोलण्याच्या नादात त्यातला एक त्याने जरा जास्तच वाकवला. मालक ओरडला, तर हा म्हणतो, "असू द्या हो, उलट बाटली पडायची नाही." आणि खरोखरच माझ्यावरून आजवर एकही बाटली पडलेली नाही. पुढे मला पांढरा रंग लागला आणि मी या दवाखान्यात आलो.

सुरुवातीची वर्षं मोठ्या मानाची होती. "तो नवा स्टँड आणा," असं सगळे म्हणायचे. मी कितीतरी खाटांशी उभा राहिलो. बाटलीतला थेंब थेंब नळीतून माणसाच्या हातात उतरताना पाहत राहायचं, एवढंच माझं काम. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते माझ्याइतकं कुणाला कळणार? पुढे चकचकीत स्टीलचे स्टँड आले आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. माझं एक चाक अडतं, ढकललं की मी तिरका पळतो. मग माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. कुणीतरी छत्रीही अडकवली. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात ना, त्यातलीच गत.

मग एकदा वॉर्ड भरला, स्टँड कमी पडले आणि सिस्टरनी माझ्यावरचे टॉवेल काढले. मला एका आजींच्या उशाशी नेऊन उभं केलं.

आजींना उलट्यांनी हैराण केलं होतं. पोटात पाणी ठरेना, म्हणून ग्लुकोजची बाटली लावली होती. बाटली माझ्या आकड्याला आणि सुई त्यांच्या डाव्या पंजाच्या मागे. त्यांना साखरेचा त्रास होता, पण थोडाच, गोळीवर भागणारा. औषधाने त्यांना लवकरच आराम पडला आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. शेजारच्या खाटेवरच्या बाईंची चार पिढ्यांची चौकशी त्यांनी पडल्या पडल्या केली.

दुसऱ्या बाजूला खुर्चीत आजोबा बसलेले असत. आजी आजारी पडल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या सकाळी मात्र आजींचा उजवा हात दोन्ही हातांत धरून, गादीच्या कडेवर डोकं टेकून ते गाढ झोपले. आजी त्यांच्याकडे पाहत होत्या. इतक्या बोलक्या बाई, पण तेवढ्यापुरत्या अगदी गप्प होत्या.

तेवढ्यात रक्त न्यायला येणारा दादा आला. दादा कामात चोख होता. आधी नाव विचारलं, मग बाटलीकडे पाहिलं. म्हणाला, "आजी, सलाईन या हाताला आहे. दुसरा हात द्या."

"हळू बोल रे!" आजी कुजबुजल्या. "आत्ता कुठे झोपलेत. हात काढला की उठतील. तू याच हातातून घे ना. सुई तर पंजाला आहे, कोपर रिकामंच आहे की."

दादा घुटमळला. आजोबांचे पांढरे, विस्कटलेले केस त्याने पाहिले. त्याच्या ट्रेमध्ये रक्ताच्या अजून पुष्कळ नळ्या भरायच्या होत्या. "बरं, सलाईन जरा बंद करतो," असं म्हणून त्याने सलाईनच्या नळीवरची चकती फिरवली, लगेच कोपरातून रक्त घेतलं आणि चकती पुन्हा सोडली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. रक्त बोटांकडून कोपराकडे, कोपराकडून खांद्याकडे वर जातं. माझ्या बाटलीतलं गोड पाणी पंजातून शिरून त्याच वाटेने वर चाललं होतं. चहात साखर टाकली, ढवळली नाही आणि तळाचा घोट घेतला, तर सगळा चहा पाकासारखा वाटेल की नाही? तसंच झालं. दादाने भरलेल्या त्या नळीत आजींचं रक्त होतं आणि माझी बाटलीही होती. चकती क्षणभर बंद करून हे टळत नाही.

दोघांच्याही मनात पाप नव्हतं. एकीला नवऱ्याची झोप मोडवेना आणि दुसऱ्याला तिचा शब्द मोडवेना.

थोड्या वेळाने लॅबमधून वॉर्डात फोन आला. आजींची साखर पाचशेच्या वर! डॉक्टर दुसऱ्या टोकाच्या एका अत्यवस्थ पेशंटपाशी होते. त्यांनी तिथूनच सांगितलं, "इन्सुलिन द्या, मी आलोच." सिस्टरनी इंजेक्शन भरलं आणि त्या आमच्याकडे निघाल्या.

साखर खरोखर वाढलेली असेल, तर इन्सुलिनसारखं दुसरं औषध नाही. पण नसलेली साखर उतरवायला गेलं, तर ते असलेली साखर उतरवतं. माणूस घामाघूम होतो, बरळतो, बेशुद्ध पडतो. कधी कधी उठतच नाही. मी हे सगळं जाणत होतो आणि लोखंडाचा दांडा होऊन उभा होतो. माझ्या आयुष्यात इतकं असहाय मला कधी वाटलं नाही.

सिस्टर खाटेपाशी आल्या, तेव्हा आजी शेजारणीला विचारत होत्या, "तुमची सून स्वयंपाक बरा करते का हो?"

सिस्टर थबकल्या. इन्सुलिनआधी बोटातून थेंब काढून साखर पाहायची, ही त्यांची रीत. त्यांनी छोटं मशीन काढलं. आजींनी पुन्हा डावाच हात पुढे केला.

"हा नको, आजी. याला सलाईन आहे. तो द्या."

"अहो, ते उठतील ना! मघाशी त्या मुलाने याच हातातून तर नेलं रक्त."

सिस्टरनी हातातलं इंजेक्शन हळूच ट्रेमध्ये ठेवलं. "याच हातातून?"

"हो, कोपरातून. काही दुखलं नाही हो, हात हलका आहे त्याचा."

"आजोबा," सिस्टर मोठ्याने म्हणाल्या, "उठा. मला आजींचा हात हवाय."

आजोबा दचकून उठले. सिस्टरनी उजव्या बोटाला टोचलं. मशीनवर आकडा आला, दीडशेच्याही आतला.

डॉक्टर धावतच आले. सिस्टरनी सगळं सांगितलं. मग डॉक्टरांनी लॅबचा कागद नीट पाहिला. त्यात हिमोग्लोबिनही कालच्यापेक्षा एकदम खाली गेलं होतं, जणू अंगातून पुष्कळ रक्त वाहून गेलं असावं. गोड पाण्याने रक्त पातळ झालं होतं, दुसरं काय! "एवढं रक्त गेलेलं माणूस असं गप्पा मारत नाही," ते म्हणाले. "ही साखर आजींची नाही, बाटलीची आहे. साप समजून भुई धोपटायला निघालो होतो आपण. मीही आधी येऊन बघायला हवं होतं." उजव्या हातातून घेतलेलं रक्त पुन्हा तपासायला गेलं आणि सगळे आकडे जागच्या जागी आले.

दादाला बोलावलं. त्याचा चेहरा उतरला होता. "चुकलं माझं," तो म्हणाला. आजी मध्येच म्हणाल्या, "त्याला रागावू नका हो. मीच गळ घातली त्याला." डॉक्टर रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत. त्या इंजेक्शनने काय झालं असतं, ते त्यांनी तिथेच उभं राहून, लपवाछपवी न करता सांगितलं.

सगळे गेल्यावर आजोबांनी आजींचा हात पुन्हा दोन्ही हातांत घेतला. ते म्हणाले, "माझ्या झोपेपायी तू जाणार होतीस काय गं?"

"काहीतरीच तुमचं," आजी म्हणाल्या. पण त्यांचे डोळे भरले होते.

मित्रांनो, मी तुम्हाला हात जोडले असते, पण माझे दोन्ही आकडे जरा वेगळ्या कामाचे आहेत. तेव्हा नुसतंच सांगतो. तपासणीसाठी रक्त द्यायची वेळ आली की कोणत्या हाताला सलाईन आहे, काय खाल्लंय, कोणती गोळी घेतलीय, ते विचारायच्या आधी सांगा. घरच्या आजारी माणसाचा रिपोर्ट आला की कागदाबरोबर माणसाकडेही बघा. दोघांचं पटत नसेल तर "पुन्हा तपासता का?" असं विचारायला लाजू नका. त्याने कुणाचा अपमान होत नाही. आणि आपल्या माणसाची काळजी घेताना भिडेपोटी गप्प बसू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पुन्हा आला. आजोबा तसेच आजींचा हात धरून, डोकं टेकून झोपले होते. दादाने काही म्हणायच्या आत आजींनी त्यांचा खांदा गदागदा हलवला.

"अहो, उठा! माझा हात द्या इकडे. अजून बरीच वर्षं धरायचाय तुम्हाला."