त्रास न्हाई

पलूसच्या राहीबाईंना गुडघ्याचं ऑपरेशन हवं होतं. चालत जाऊन आपला ऊस एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढीच इच्छा. सांगलीच्या ऋचाला हवी होती डिग्री. गुडघेदुखीची इंग्रजी प्रश्नावली तिनं मराठीत आणली होती, आणि ती बरोबर उतरलीय हे सिद्ध करायचं होतं. त्यासाठी दवाखान्यात आलेल्या पेशंटला तेच प्रश्न आठवड्यानं पुन्हा विचारायचे आणि उत्तरं जुळतात का बघायचं.

"आज्जी, जिना चढताना त्रास होतो?"

"न्हाई."

"मांडी घालून बसताना?"

"न्हाई गं बाई."

"उकिडवं बसताना?"

"अजिबात न्हाई."

काठी टेकत, कण्हत आलेली बाई असं बोलते, तर जरा थांबावं की नाही? पण छे! ऋचा बाईसाहेबांनी 'त्रास नाही'वर खुणा केल्या नि मोकळ्या झाल्या. आठवड्यानं पुन्हा तीच उत्तरं. तिचे सर, म्हणजे तिथलेच हाडांचे डॉक्टर, जाम खूश. त्या उत्तरांच्या गुणांवरच त्यांनी ऑपरेशनची यादीही लावली, ज्याला त्रास जास्त त्याचा नंबर आधी. राहीबाई गेल्या तळाला.

प्रबंध मंजूर झाला, तशी ऋचा पेढे घेऊन पलूसला गेली. राहीबाई कॉटवर होत्या. सुनेनं काखेत हात घालून त्यांना उठवून बसवलं, तेव्हा म्हातारीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शेजारी भोकाची खुर्ची होती, खाली बादली.

"आज्जी, तुम्ही तर त्रास नाही म्हणालात!"

"आगं, आमच्या घराला जिना कुठाय? मांडी घालून दोन वर्सं झाली. उकिडवी तर बसतच न्हाई, ही खुर्ची हाय की. जे करतच न्हाई त्येचा तरास कसा सांगू? दवाखान्यात खोटं बोलू व्हय?"

ऋचा उठली. अंगणात जाऊन तिनं सरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"यादी बदलतो की," सर म्हणाले. "फक्त प्रश्नावली चुकली, असं लिहून दे. प्रबंध परत येईल. आहे तयारी?"

ऋचानं फोन ठेवला. तिला स्वतःची शिसारी आली, पण लिहून द्यायचं धाडस काही झालं नाही.

"माजा नंबर कवा गं लागंल?" राहीबाईंनी विचारलं.

"लागेल आज्जी. लवकरच."

म्हातारीनं पेढा मोडून अर्धा तिच्याच तोंडात घातला. "माजी उत्तरं तुज्या परीक्षेला कामाला आली, लय झालं बग."

ऋचानं तो गिळला.