शूटिंगची भिंत

"काका, हे काय करून ठेवलंत?"

तेजस उंबऱ्यातच थबकला. मागे त्याचे तिघे मित्र, कॅमेऱ्याची पेटी, दिव्यांचे स्टँड. समोर अभिमन पेंटर इस्त्रीच्या शर्टात उभा, दारात सडा घातलेला, आणि आतली भिंत अशी आकाशी, की बघत राहावं.

"रंग दिला," अभिमन हसून म्हणाला. "पाहुणे येणार म्हटल्यावर!"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने तर कपाळाला हातच लावला.

आता यात अभिमनचं काय चुकलं, सांगा. मेहरूण तलावाकाठच्या बंगल्यांना तीस वर्षं रंग देणारा माणूस. तेजसच्या बंगल्याचं कामही त्याचंच, ओळख तिथलीच. सराफाचा एकुलता एक, बारावीतला पोरगा. पण त्याला घरच्या एसीपेक्षा अभिमनच्या वस्तीतली टपरी गोड लागायची. फाटका बनियन घालून दगडावर बसायचा, अहिराणी शिव्या शिकायचा, बिडीचा एक झुरका मारून अर्धा तास खोकायचा. वस्तीला तेवढीच करमणूक. आता त्याच सगळ्यावर तो सिनेमा काढत होता. बंगल्यातली पोरं वस्तीच्या नादाला लागतात आणि पार वाया जातात, अशी गोष्ट. त्यात वस्तीतली मुलगी म्हणून अभिमनची अकरावीतली मोनाली. तिला बोलायला चार वाक्यं होती, आणि ती चार वाक्यं पंधरा दिवस भांडी घासतानाही ऐकू येत होती.

शूटिंगसाठी हे घर तेजसने आधीच पाहून ठेवलं होतं. चुलीच्या धुराने काळवंडलेली, पोपडे सुटलेली भिंत बघून तो "एक नंबर!" म्हणाला होता. अभिमनला वाटलं, पोरगं आपलं मन राखतंय. म्हणून त्याने दोन दिवस खाडा केला, भिंत खरवडली, लांबी भरून भेगा बुजवल्या आणि रंग दिला. त्याची बायको सुंदरबाई लग्नापासून मागे लागली होती, "लोकेसना बंगला रंगाडतस, आपला घरले कव्हय?" रंग झाल्यावर मात्र ती नुसती भिंतीसमोर बसून राहिली.

"सॉरी काका, पण हे गरिबाचं घर वाटतच नाही," तेजस म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं हो, हिशेबी आवाजात बोलला इतकंच. "आम्ही पलीकडच्या सत्तारचाचांकडे करतो शूटिंग. त्यांची रुखसारपण छान बोलते."

मोनालीने ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि आत गेली.

सुंदरबाईने नवऱ्याला परसात ओढलं.

"ती भित करी टाका काळी."

"येडी शे का तू?"

"पंधरा दिन व्हयनात, पोर घोकी राह्यनी. मंग पुशी टाकसूत. निंघी जाई ना?"

"निंघी जाई," अभिमन म्हणाला.

कसलं निघतंय! काजळी आणि चहाचं पाणी एकदा भिंतीत मुरलं, की वरून कितीही हात द्या, डाग वर येतोच. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण आत पोर मुसमुसत होती.

मग काम केलं ते मात्र अभिमनला शोभेल असं. चहापत्ती उकळली, काजळी धरली, त्यात गेरू कालवला आणि चिंधीने टिपत गेला. हात टेकून टेकून तेलकट होते ती जागा, वरून ओल उतरते तो ओघळ, खुंटीखालचा डाग, काही म्हणून सोडलं नाही. दीड तासात भिंत पहिल्यापेक्षा जुनी झाली.

"काका, तुम्ही तर आर्टिस्ट निघालात!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोला, अभिमन क्षणभर सुखावला. सुंदरबाई तेवढा वेळ रस्त्याकडे तोंड करून ओट्यावर बसली होती.

महिन्याने सिनेमा दाखवला, एका हॉलमध्ये, सकाळच्या वेळी. मधल्या काळात अभिमनने दोनदा भिंतीला रंग दिला होता, दोनदा डाग पिवळे होऊन वर आले होते. पण पडद्यावर मोनाली आली, चारही वाक्यं खणखणीत म्हणाली, आणि टाळ्या पडल्या तेव्हा त्याला वाटलं, गेली भिंत खड्ड्यात!

बाहेर तेजसची आई आली. तिने सुंदरबाईचे हात हातात घेतले. बाईच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"शूटिंगवरून आला त्या दिवशी तेजस जेवला नाही हो. म्हणाला, मम्मी, माणसं अशा घरात राहतात. कशा राहता हो तुम्ही?"

"ताई, ती भिंत मी..." अभिमनने तोंड उघडलं.

सुंदरबाईने त्याला पुढे बोलू दिलं नाही. "या ना एकदा घरी," ती म्हणाली. "चहाला या."

"येते की! रविवारीच येते."

रिक्षात मोनालीची बडबड थांबत नव्हती. तलाव मागे पडल्यावर सुंदरबाई हळूच म्हणाली, "रविवारले ती खरीच उनी ते?"

अभिमनने बोटांवर दिवस मोजले. डाग जायचा तर गिलावाच फोडायला हवा, आणि ओल्या गिलाव्यावर रविवारपर्यंत रंग बसत नाही.

रविवारी सुंदरबाईने ट्रंकेतला लग्नाचा शालू काढला आणि या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत भिंतीवर ताणून बांधला. कप विसळून उपडे ठेवले. दुपारी एकदा गाडीचा आवाज आला म्हणून ती उठली. गाडी पुढे निघून गेली.

दिवेलागणीला तिने खिळ्यांच्या गाठी सोडल्या. शालू लांबलचक, एकटीला आवरेना. अभिमनने दुसरं टोक धरलं, आणि दोघांनी मिळून त्याची घडी घातली.